मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग जायला जास्त वेळ अन् यायला कमी, असं का?

जंक्शनकर (भुसावळ)

राम राम मंडळी. दिवाळी झाली की आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला जाऊन राह्यलोय, जावयांनी मुंबईहून थेट न्यूयॉर्कचं तिकीट काढून दिलंय. माझी सगळी नोकरी भुसावळच्या रेल्वे कंट्रोलमध्ये गेली, त्यामुळे अंतर आणि रनिंग टाइम हे दोन आकडे समोर आले की ते जुळवल्याशिवाय मला राहवत नाही. नेटवर मुंबई–न्यूयॉर्क अंतर १२,५४० किलोमीटरच्या आसपास दाखवतात, मोठं विमान ताशी ९०० च्या वेगाने चालतं म्हणतात, म्हणजे १४ तासात पोचायला पाहिजे. तिकिटावरच्या वेळा दोन्हीकडच्या घड्याळाचा फरक धरून मोजल्या तर जायला साडेसोळा तास येतात आणि यायला साडेचौदा. रेल्वेत हे मला समजतं, कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढायला मागून बँकर इंजिन लावावं लागतं, चढाचा वेळ वेगळा, उताराचा वेगळा. पण आकाशात कुठला घाट? आणि एका साइटवर अंतर १२,५४०, दुसरीवर २०-३० किलोमीटर कमीजास्त, असं का? अंतर तर एकच असायला पाहिजे ना. जाणकारांनी जरा नीट सांगा, घाई नाही.

शहादेकर

काका, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, त्याच्यामुळेच असणार. पण मग एक गोष्ट समजत नाही, आपण पश्चिमेला चाललो तर न्यूयॉर्क आपल्याकडे फिरून यायला पाहिजे, म्हणजे उलट जाताना लवकर पोचायला पाहिजे. कोणी सांगेल का?

भूगोलमास्तर (धुळे)

शहादेकर, प्रश्न फार चांगला आहे, नववीच्या वर्गात दरवर्षी एकतरी मुलगा हा विचारतोच. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवासुद्धा फिरते. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा तेही पृथ्वीच्या वेगाने पूर्वेकडे चाललेलंच असतं आणि उडाल्यावर तो वेग काही गळून पडत नाही, म्हणून न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत येत नाही. पण फिरण्याचा परिणाम दुसऱ्या वाटेने होतो. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे जायला निघते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती वळते, आणि मधल्या अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे तयार होतात. त्यातला सगळ्यात वेगवान पट्टा म्हणजे जेट स्ट्रीम. थंडीत त्याचा वेग ताशी २००-३०० किलोमीटर सहज होतो, कधी त्याच्याही वर. आणि नेमकी याच उंचीवरून प्रवासी विमानं जातात. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर, येताना पाठीवर. जंक्शनकर काकांचा घाट म्हणाल तर तो हाच.

हे वारे आधी नीट मोजले वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून. त्यांनी तो अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला, त्यामुळे बाहेरच्या जगाने फार लक्ष दिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बर विमानं जपानवर उंचावरून जायला लागली तेव्हा वैमानिकांना त्या वाऱ्याचा खरा दणका कळला. मला हा किस्सा मुलांना सांगायला फार आवडतो.

आता अंतराचं. काका, भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई–न्यूयॉर्क रेष मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. ती सरळ दिसते पण सगळ्यात जवळची नाही. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो, अफगाणिस्तान, मॉस्कोच्या आसपास, हेलसिंकी, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्क. जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत जातो, आर्क्टिक वृत्त तिथून हाकेच्या अंतरावर. नेटवरचे १२,५४० किलोमीटर म्हणजे या दोऱ्याची लांबी. साइट-साइटचा फरक येतो कारण कोणी पृथ्वी अगदी गोल धरून ६,३७१ किलोमीटर त्रिज्येने हिशोब करतं, तर कोणी ती ध्रुवांपाशी चपटी आहे हे धरतं (विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८, ध्रुवापाशी ६,३५७). शिवाय कोणी विमानतळ ते विमानतळ मोजतं, कोणी शहराचा मध्य धरतं.

चोपडा_ते_एडिसन

मास्तर खूप छान. मी इकडे न्यू जर्सीतच राहतो, काका तुमच्या मुलीच्या जवळपासच असेन. माझा अनुभव सांगतो, जाताना-येतानाचा फरक थंडीत जास्त जाणवतो, जून-जुलैत कमी. आणि अजून एक, इथलं घड्याळ वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. म्हणजे उन्हाळ्यात भारत साडेनऊ तास पुढे, थंडीत साडेदहा. तिकिटावर मुंबईहून रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला पोचतं असं लिहिलेलं असलं की घरचे म्हणतात सहाच तासाचा प्रवास, पण थंडीत त्या सहामध्ये साडेदहा मिळवायचे, म्हणजे साडेसोळा. येताना उलट, सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा, म्हणजे दिसायला २५ तास, त्यातून साडेदहा वजा केले की साडेचौदा. घ्यायला येणाऱ्या माणसाला तारीख नीट सांगा, इथे खूप लोकांचा घोळ होतो.

अमळनेरकर

मी मुंबईत विमानांच्या फ्लाइट प्लॅनिंगचंच काम करतो, गाव अमळनेर. काका, तुम्ही कंट्रोलमधले म्हणून जरा खोलात सांगतो, तुम्हाला आवडेल.

पहिली गोष्ट, तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसते. विमान गेटवरून मागे ढकललं तिथपासून पलीकडच्या गेटला लागून चाकाला अडण लावेपर्यंतची ती वेळ असते. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी मुख्यतः एकच चालते, रांगेत पंधरा-वीस मिनिटं जाणं रोजचंच. न्यूयॉर्कला उतरल्यावरही गेटपर्यंत जायला तेवढाच वेळ. तुमच्या टाइमटेबलमध्ये शेवटच्या स्टेशनाआधी मार्जिन टाकलेलं असतं ना तसं इथेही टाकतात, म्हणून कधी विमान अर्धा तास लवकर पोचतं आणि लोक म्हणतात आज पायलटने जोरात चालवलं. जवळच्या प्रवासात हे अजून ठळक दिसतं. जळगाव ते मुंबई हवाई अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, एटीआर हे पंख्याचं छोटं विमान ताशी ५०० च्या आसपास चालतं, हिशोबाने पाऊण तासाच्या आत, पण वेळापत्रकात तासाच्या वर दाखवतात. लांबच्या प्रवासात हा भाग टक्क्याने लहान होतो आणि वारा मोठा होतो.

दुसरी गोष्ट, मास्तरांचा दोरा बरोबर आहे पण आम्ही दोऱ्यावरून कधीच जात नाही. रोजच्या फ्लाइटचा मार्ग त्या दिवसाच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन वेगळा काढतात. काल आइसलंडच्या बाजूने गेलेलं विमान आज आयर्लंडच्या बाजूने जातं, कारण तोंडावरचा वारा तिथे कमी. अंतर ३००-४०० किलोमीटरने वाढलं तरी चालतं, वेळ आणि इंधन वाचलं पाहिजे. येताना उलट, मुद्दाम जेट स्ट्रीम शोधून त्यात शिरायचं.

तिसरी गोष्ट आकाशाच्या हद्दी. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि मग महिन्या-महिन्याने मुदत वाढवत गेले. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं. तो दोरा तर सरळ सिंध-बलुचिस्तानवरून जातो, त्यामुळे मुंबईहून आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघायचं आणि मग युरोपकडे वळायचं. दिल्लीला याचा फटका जास्त बसला, अमेरिकेच्या काही फ्लाइटना इंधन भरायला व्हिएन्नाला थांबावं लागलं. मुंबई समुद्राकाठी असल्यामुळे तिचा वळसा त्या मानाने लहान. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपियन कंपन्यांना बंद आहे, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची तीच फ्लाइट वेगळा वेळ घेते. तिकीट काढताना नुसतं अंतर बघू नका, कंपनी कोणत्या देशाची तेही बघा, मी सगळ्यांना हेच सांगतो.

चौथी, इंधन. त्रिपल सेव्हनच्या, म्हणजे बोइंग ७७७ विमानाच्या, मोठ्या मॉडेलमध्ये टाक्या भरल्या तर सुमारे १ लाख ८१ हजार लिटर मावतं आणि पूर्ण भरलेल्या विमानाचं उडतानाचं वजन ३५१ टनांपर्यंत जातं. एवढ्या वजनाने ते सुरुवातीला फार वर जाऊच शकत नाही, ३०-३१ हजार फुटांवर चालतं, इंधन जळून हलकं झालं की टप्प्याटप्प्याने वर चढत जातं. प्रवासाला लागणारं इंधन, त्याच्यावर साधारण ५ टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत जायचं, आणि तिथे पोचल्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं शेवटचं राखीव, हे धरल्याशिवाय प्लॅनवर सही होत नाही. तोंडावर वारा जोरात असला की कधीकधी माल कमी घ्यावा लागतो. म्हणून वाऱ्याचा अंदाज आमच्यासाठी जिवाभावाची गोष्ट आहे.

केळीबाग (रावेर)

अमळनेरकर भाऊ अतिशय मनापासून लिहिलंय. मला एक जोडून सांगायचंय, हा जेट स्ट्रीम फक्त विमानवाल्यांचा नाही भो. थंडीत त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेकडून उत्तर भारतावरून वाहते आणि तिच्याबरोबरच भूमध्य समुद्राकडून ते वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे हवेचे कमी दाबाचे पट्टे, येतात. उत्तरेत त्याने बर्फ-पाऊस पडतो, गव्हाला चांगलं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा प्रभाव खाली आपल्यापर्यंत आला की रावेर-यावलला वादळ आणि गारपीट. केळीचे निसवलेले घड लोंबतायत आणि एका संध्याकाळी पानांच्या चिंध्या, खोडं कमरेत मोडलेली, हे ज्याने बघितलंय त्याला वरचा वारा कसा चाललाय हे बघायची सवय लागते. मी तर हवामानाच्या साइटवर रोज वरच्या थराचा नकाशा उघडतो. पावसाळ्यात ही शाखा हिमालयाच्या पलीकडे जाते आणि दक्षिण भारतावर उलटा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट तयार होतो, तोही बघण्यासारखा असतो.

नंदुरबारची_लेक

बठ्ठं वाचं, भारी लिखेल शे! आम्हना डोकावरतीन रोज इमानं जातस, रातले गच्चीवर झोपलो की दिवे लुकलुकताना दिसतात. ती सगळी मुंबई–दिल्लीचीच का? आणि माझा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोला आहे, तिथलं अंतर तर न्यूयॉर्कपेक्षा जास्त ना, मग तिथे जायला पूर्वेकडून बरं की पश्चिमेकडून?

अमळनेरकर

ताई, नकाशावर मुंबई–दिल्ली सरळ रेष मारली तर ती नवापूरच्या जवळून जाते, त्यामुळे तुम्हाला दिसतात त्यातली बरीच तीच. बाकी ठरलेले हवाई मार्ग असतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे.

सॅन फ्रान्सिस्कोचा प्रश्न तर आमच्या धंद्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न आहे. मुंबईहून ते साडेतेरा हजार किलोमीटर. जवळचा मार्ग मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेकडेच निघतो, लडाख, चीनमधलं शिनजियांग, सायबेरिया आणि आर्क्टिक महासागरावरून ७६-७७ अंशांपर्यंत जाऊन अलास्काकडे उतरतो. पण मध्ये उंच पठारं आणि डोंगर. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर पायलटला १० हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो, साधारण पंधराएक. तिबेटचं पठारच सरासरी १५ हजार फुटांच्या आसपास आहे, खाली येणार कुठे? म्हणून त्या भागावरून जाणं टाळतात किंवा अडचणीत बाहेर पडायच्या वाटा आधी ठरवून ठेवलेले मार्गच घेतात.

पूर्व की पश्चिम याचं उत्तर एका खऱ्या उदाहरणाने देतो. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने तीच फ्लाइट पॅसिफिकवरून नेली, सुमारे १५,३०० किलोमीटर. अंतर १,४०० ने वाढलं आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तासात पोचले. कारण एकच, पूर्वेकडे जाताना वारा पूर्ण वेळ पाठीवर. काका, तुमच्या मूळ प्रश्नाचं याच्यापेक्षा स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

मेहरूणची_मुलगी (जळगाव)

मी बीएस्सी गणित, दुसरं वर्ष. मी करून बघितलं. अंतर १२,५०० धरलं आणि विमानाचा हवेतला वेग ९००. वारा नसेल तर एका बाजूने १३ तास ५३ मिनिटं, जाऊन-येऊन २७ तास ४७ मिनिटं. आता सरासरी १०० चा वारा धरा. जाताना ८०० ने १५ तास ३७ मिनिटं, येताना १,००० ने साडेबारा तास, बेरीज २८ तास ७ मिनिटं. म्हणजे येताना वारा मदत करतो तरी जाताना गेलेला वेळ पूर्ण भरून निघत नाही, २० मिनिटं कमी पडतातच! कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकलेले असतो आणि मदतीच्या वाऱ्यात कमी वेळ. आणि ११ किलोमीटर उंचीवरून गेल्यामुळे वर्तुळ मोठं होतं म्हणून अंतर किती वाढतं तेही काढलं, एवढ्या लांब प्रवासात जेमतेम २१-२२ किलोमीटर.

एक शंका, पाठीवर वारा असताना विमान आवाजाच्या वेगाच्या पुढे जातं का?

भूगोलमास्तर (धुळे)

शाब्बास बेटा. हे गणित उद्या फळ्यावर घेतो.

जमिनीवरून मोजलं तर खूप मोठे आकडे येतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीवरचा वेग ताशी १,३०० च्या वर गेला होता. पण आवाजाची भिंत ओलांडायची ती भोवतालच्या हवेच्या तुलनेत, आणि त्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच त्याला घेऊन पळत होती.

गोंदूररोड (धुळे)

काका-काकूंसाठी थोडं, मी फार्मासिस्ट आहे. साडेसोळा तास म्हणजे बसून राहायचा वेळ फार मोठा. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून दर दीड-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी घोटे वर-खाली करा. केबिनमधला दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तसा असतो आणि हवा एकदम कोरडी, म्हणून पाणी थोडं थोडं पीत राहा. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट, सामानात टाकू नका. इन्सुलिन असेल तर घड्याळ साडेदहा तासांनी मागे जातंय, डोस कसा फिरवायचा ते डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्या. आधी गाठीचा त्रास झाला असेल तर पायात घालायच्या घट्ट मोज्यांबद्दलही त्यांनाच विचारा. आणि व्हीलचेअर तिकिटातच लिहून घ्या, चालता येत असलं तरी, त्या विमानतळांवर चालायचं अंतर खूप असतं.

जंक्शनकर (भुसावळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल नातवाचा पृथ्वीगोल घेऊन दोरा ताणून बघितला आणि हिलाही दाखवला, हेलसिंकीजवळून जातो खरा. आता मला तिकिटावरचे दोन्ही आकडे पटतात. किलोमीटरचा दगड आकाशात नसतो, अंतर रोज नवं ठरतं आणि त्याच्यावर वारा बसतो, ही गोष्ट तीस-पस्तीस वर्षं गाड्या चालवलेल्या माणसाला समजून घ्यायला खरंच फार आनंद झाला. मेहरूणच्या मुलीचं गणित वहीत उतरवून ठेवलंय.

आता शेवटचं विचारतो. विमान रात्री दीडचं आहे. भुसावळहून त्याच दिवशी दुपारच्या आत गाडी धरावी की आदल्या दिवशीच मुंबईला जाऊन राहावं? ठाण्याला उतरावं की दादरला?

चोपडा_ते_एडिसन

काका, आदल्या दिवशीच जा, नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे राहा. पुढे साडेसोळा तास बसायचंय, त्याच्या आधी सात तास गाडीत नको.

अमळनेरकर

आदल्या दिवशी जाणं उत्तमच. ते जमलं नाही तर संध्याकाळी पाचच्या आत ठाण्यात उतरेल अशी गाडी धरा, दादरपर्यंत जाऊ नका. ठाण्याहून टॅक्सीने टर्मिनल दोन, संध्याकाळच्या ट्रॅफिकला दीड तास धरा. चेक-इनला तीन तास आधी म्हणजे रात्री साडेदहापर्यंत आत असायला हवं, व्हीलचेअर घेणार म्हणून अजून अर्धा तास आधी. मधले तीन-चार तास गाडी लेट झाली तर त्यासाठी. आणि आरक्षण केलं की इथे तारीख टाका, त्या रात्री मी ड्यूटीवर असलो तर मार्ग कुठून काढलाय आणि वारा किती आहे ते उडायच्या आधी तुम्हाला लिहून कळवतो.

जंक्शनकर (भुसावळ)

ठरलं मग, आदल्या दिवशीच निघतो, डोंबिवलीला मेहुणे आहेत. तारीख तुम्हाला कळवतो, वारा नक्की सांगा.